आखूड दांडी

—नाही, तो डाय नको. तो आधी खाली ठेवा. तो बारीक बटणाचा आहे, पाकिटाच्या, पर्सच्या — ज्याच्या पोटात दोन बारीक तारा असतात ना, त्या बटणाचा. तुम्ही आणलंय ते टिचबटण जाड, याच्या पोटात गोल कडी आहे, याला हा लागतो, हा रुंद तोंडाचा. अदलाबदल झाली तर काय होतं? काही होत नाही — बटण बसतं, दिसतं पण झकास, आणि महिन्याभरानं गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दारात उभं. तुम्ही अशा इकडे बसा बरं ताई, खिडकीकडे तोंड करून. हत्यार उजेडात बघावं. हां, आता दिसताय. मी समोरच्याचा चेहरा नीट दिसल्याशिवाय धंद्याचं बोलतच नाही, सवय आहे माझी. तर काय म्हणालात, तुम्ही पट्टे बनवता? — पेट्या? — पिशव्या, हां हां, पिशव्या. पट्टे काय, पिशव्या काय, बटण तेच. हा रस्ता असला आहे ना, दिवसभर ट्रक, माणसाचं बोलणं म्हणून ऐकू येत नाही. आत्ता नाहीत? मग आत्ता थांबले असतील.

तर बघा. ही टोपी. टोपीला ही खाली दांडी आहे ना, ती चामड्यातून आरपार जाते, पलीकडून ही वाटी बसते, आणि वरून डाय धरून ठोकलं की दांडीचं तोंड फुलतं आणि वाटीला घट्ट धरून बसतं. एवढंच आहे. सगळे विचारतात हातोडी कुठली, डाय कुठला, ऐरण कुठली — अहो, ते सगळं नंतर. आधी दांडी बघा. चामडं जाड आणि दांडी आखूड, तर फुलायला तोंडच उरत नाही, नुसती काठाला चिकटते. चामडं पातळ आणि दांडी लांब, तर आतल्या आत वाकडी होते. दोन्ही वेळा वरून टोपी चकाचक. वरून कुणाला काही कळत नाही — हीच तर मेख आहे या कामात. खाली ही ऐरण घ्या, खळगी असलेली, म्हणजे टोपी चपटी होत नाही. ऐरणीखाली दगड. टेबलावर ठोकाल तर टेबल उडतं, मार वाया जातो. आणि लोखंडी हातोडी नको, ही लाकडी मोगरी घ्या. डाय उभा धरायचा, एकदम उभा, आणि तीन बेताचे ठोके. एकच दणका देणारे पुष्कळ पाहिलेत मी, जोर दाखवायचा असतो त्यांना. जोर घरी दाखवा म्हणावं, ऐकून घेतलं कुणी तर.

काय? परत म्हणा. — धाकटी? आमची धाकटी? तुमच्याकडे आली होती, काम मागायला?

अच्छा. म्हणजे तुम्ही डाय बघायला आलाच नव्हता. — दोन्ही कामं? बरं, दोन्ही कामं. चौकशीला आलात असं सरळ म्हणाला असता तरी मी काही दारातून घालवलं नसतं. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. चौपन्न वर्षांची झाली, पण आईनं धाकटी म्हटलं, ते गिऱ्हाइकांपर्यंत पोचलं, आता तिचे केस पांढरे झाले तरी धाकटीच. ते तिकडचं टेबल तिचं. तीस वर्षं. मी बटणं, ती चामडं — कापणं, छिलणं, काठ घासणं. हात कसा आहे म्हणता? हात सोन्यासारखा आहे. पण आता तुम्ही विचारायलाच आलात, तर खोटं कशाला बोलू, ते पाऊचचं तुमच्या कानावर आलंच असेल. आलंय ना? वाटलंच. या बाजारात एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. विजेच्या खांबावर चढणाऱ्या लोकांसाठी कमरेचे पाऊच होते, एकशे वीस नग, पाने-पकडी ठेवायला, वरून पट्टा आणि पट्ट्याला टिचबटण. त्यातलं एक उघडलं. माणूस वर खांबावर, पाना सटकला, खाली शिडी धरून दुसरा उभा — त्याच्या खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं त्याचं. डोक्यावर पडला असता तर संपलंच होतं. मुकादम तो पाऊच घेऊन इथे आला, असा टेबलावर आपटला. बघितलं तर टोपी निघालेली, दांडी फुललेलीच नाही. आणि का नाही फुलली? कारण चामडं बटणाच्या जागी छिललंच नव्हतं. जाडच्या जाड ठेवलं. छिलायचं काम कुणाचं? — मी काही बोलत नाही. सख्खी बहीण आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. तुमचं तुम्ही ठरवा.

असं का बघताय? चहा घेणार? नाही? बरं, मग निदान आलात त्यातलं एक काम तरी नीट करून जा. हे घ्या, हा चामड्याचा तुकडा, भोक पाडलेलं आहे. बटण बसवा. मला तुमचा हात बघू दे — ज्या हाताखाली माझी बहीण जाणार तो हात कसा आहे ते मलाही कळायला हवं की नको? बसवा. टोपी खळगीत. दांडी वर. वाटी. डाय उभा — अजून उभा — हां. मोगरी. एक, दोन, तीन. छान. आता दुसऱ्या तुकड्यावर त्याचा जोडीदार लावलेला आहे, त्यावर दाबून बसवा आणि उघडा. आणि बघायचं नाही, ऐकायचं. बाबा माझे डोळे बांधायचे. डोळे बांधून पन्नास बटणं लावा-उघडायला लावायचे, आणि कुठलं कच्चं ते सांगायचं. पक्कं बटण टक असं बोलतं, अगदी बारीक, धारदार. कच्चं बटण थप म्हणतं. शिकाऊ लोक टोपी चिमटीत धरून फिरवून बघतात, फिरली तर कच्ची — ठीक आहे, ती पण रीत आहे, पण ती ज्याला कान नाही त्याची. मला बाजारात कानवाले म्हणतात. माहितेय ना तुम्हाला? दुकानाची पाटी पडली तरी चालेल, कानवाले कुठे बसतात विचारलं की कुणीही आणून सोडेल. दाबा आता. हां — वा. ऐकलंत? कसं खणखणीत वाजलं. याला म्हणतात बटण.

काय झालं?

काय झालं, हसताय का — नाही, हसत नाही तुम्ही. काय? — दाबलंच नव्हतं?

तुम्ही नुसता हात ठेवला होता. थांबला होतात. बटण अजून — हो, दिसतंय मला. उघडंच आहे.

ट्रकमुळे —

ट्रक नाहीये. माहितेय मला. तुम्ही मघाशीच सांगितलंत.

नका उठू, बसा. बसा हो ताई. तुम्ही मुद्दाम केलं का? नाही म्हणताय ना? मान हलली तुमची, ते दिसतं मला. तुमचे ओठ तेवढे सावकाश हलवत जा. चार वर्षं झाली. आधी घड्याळाचा गजर गेला. मला वाटलं घड्याळ बिघडलं, दुरुस्तीला नेलं, तो घड्याळवाला म्हातारा माझ्याकडे बघत बसला, कारण गजर त्याच्या हातात वाजत होता आणि मी विचारत होतो किती दिवस लागतील. मग बारीक आवाज एकेक करून गेले. जाड आवाज येतात अजून, ट्रक येतो, मोगरीचा ठोका येतो, माणसं कुठल्याशा बंद खोलीत बोलल्यासारखी येतात. टक तेवढं येत नाही. थप पण येत नाही. माझ्याकडे फक्त सवय उरली — ठोका दिला की टक व्हायला पाहिजे, म्हणून डोक्यातच टक होतं. आत्ता झालं ना तुमच्यासमोर. तसं रोज होतं.

आणि माणसाचं काय, माणसांना मी हो म्हणतो. हो म्हटलं की लोक गप्प बसतात, सोपं आहे. कुणी काही बोललं की मान डोलवायची, हो-हो, बघू की, बरोबर आहे. चार वर्षांत कशाकशाला हो म्हटलंय देव जाणे. मेव्हण्यानं एकदा काहीतरी विचारलं, मी म्हटलं, हो, त्यात काय — संध्याकाळी तो कुत्रा घेऊन हजर, महिनाभर ठेवतो म्हणालास ना. दोन वर्षं झाली, कुत्रा माझ्याच घरी आहे. बायको म्हणते, तेवढा एक प्राणी आहे घरात ज्याला तुझ्या न ऐकण्याचं काही वाटत नाही. तिला माहीत आहे. बायकोला. बाकी कुणाला नाही असं मला वाटत होतं.

धाकटीला माहीत होतं. पहिल्यापासून. तिचं टेबल आधी डावीकडे होतं. एक दिवस म्हणाली, तिथे ऊन येतं, आणि उजवीकडे हलवलं. माझा उजवा कान बरा आहे त्यातल्या त्यात. मला काही सांगायचं असलं की आधी टेबलावर तळहात ठेवायची, टेबल हललं की मी वर बघायचो, मग बोलायची. मला वाटायचं, वय झालं, हिला टेबल धरून बोलायची खोड लागलीये. आणि मी लावलेलं प्रत्येक बटण — प्रत्येक, ताई — डब्यात टाकायच्या आधी ती चिमटीत धरून फिरवून बघायची. फिरलं तर गुपचूप बाजूला, मी जेवायला गेलो की पुन्हा लावायची. चार वर्षं मी कानवाले होतो ते तिच्या दोन बोटांवर.

हे मला कसं कळलं? पकडलं मी तिला. तोच मुकादम पाऊचचं चामडं दाखवायला आला होता, आम्ही बोलतोय, आणि मी बघितलं, ही माझ्या बटणांचा ढीग पुढ्यात घेऊन एकेक टोपी फिरवतेय, शिकाऊ पोरीसारखी. परक्या माणसासमोर. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तीस वर्षं माझ्या शेजारी काढलीस आणि आता माझं काम तपासतेस? मुकादम हसला. तिनं हात मागे घेतला. मला तेव्हा कळायला हवं होतं, की ती का तपासतेय — कळलंच होतं म्हणा. कळलं म्हणूनच एवढा ओरडलो. जे माहीत असतं त्याचाच राग येतो, माहीत नसतं त्याचा कशाला येईल?

त्यानंतर दोन दिवसांनी पाऊच धरले हातात. चामडं जाड, आणि छिलायचं नाही असा मुकादमाचाच निरोप होता, कागदावर होता, पट्टा मजबूत हवा म्हणून. मघाशी मी तुम्हाला सांगितलं की तिनं छिललं नाही — नाहीच छिललं. छिलायचंच नव्हतं. लांब दांडीची बटणं लावायची होती. ती डब्यात त्या फळीवर, आखूड दांडीची या फळीवर, डबे सारखे. मी हा, आखूडचा, उचलला. ती तिकडे कापत होती, दोन्ही हात चामड्यात. तिथून म्हणाली, दादा, दांडी आखूड पडतेय बघ. मी हो म्हटलं. अर्ध्या तासानं पुन्हा म्हणाली. मी हो म्हटलं. दुपारी तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही हो. आता तिनं काय करायचं? दोन दिवसांपूर्वी मी तिला चारचौघांत झापलेलं. तपासायची सोय नाही, आणि विचारावं तर मी हो म्हणतोय. एकशे वीस बटणं लावली मी त्या दिवशी. प्रत्येकाला टक ऐकलं.

मला ऐकू आलं नाही, मग मला हे कसं माहीत? तिनं सांगितलं. मुकादमानं पाऊच आपटला तेव्हा. ती माझ्यासमोर आली, अगदी समोर, उजेडात, आणि म्हणाली, दादा, मी तुला तीनदा सांगितलं, तू हो म्हणालास. मी ओठ नीट वाचले. आणि मुकादमाकडे वळून म्हणालो, हिनं चामडं छिललं नाही, मला काही सांगितलं नाही.

एक शब्द बोलली असती ती तर पुरे होतं. माझ्या भावाला ऐकू येत नाही, विचारा त्याला काहीही त्याच्या पाठीमागून. एवढंच. मुकादमानं तिथल्या तिथे करून बघितलं असतं.  पण ती एवढंच म्हणाली, बरं, दादा. ॲप्रन काढला, घडी केला, टेबलावर ठेवला. तो अजून तिथेच आहे, मी हलवलेला नाही. तो हाड मोडलेला माणूस दवाखान्यात होता तर त्याला बघायला ती जाऊन आली, दोनदा. आता बरा आहे म्हणे, पण हात खांद्याच्या वर जात नाही. मी गेलो नाही. मी काय तोंड घेऊन जाणार? आणि गेलो तरी तो काय बोलतोय ते कळणार नाही, आणि मी हो म्हणेन.

तुमच्या आधी तिघांनी तिला नाही म्हटलंय, मला माहीत आहे. सगळे मलाच विचारायला आले. आणि तिघांनाही मी हेच बोललो, आत्ता तुम्हाला बोललो तसंच, शब्द न् शब्द — आपलेच दात, आपलेच ओठ. का? खरं सांगितलं तर माझं काय राहतं हो? बटणाचं काम बहिऱ्याला कोण देणार? चामडं मला येत नाही, ते तिचं. मला एवढंच येतं, दांडी फुलवायची. आणि अजून एक आहे. तिला कुणीच घेतलं नाही तर कुठे जाईल, असं वाटायचं मला. इथेच येईल की. महिन्यानं, दोन महिन्यांनी. तो ॲप्रन घालेल आणि टेबलावर हात ठेवून म्हणेल, दादा — हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला कशाला सांगितलं? तुम्ही गप्प बसता म्हणून. बोलणाऱ्या माणसासमोर मला गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं. लाज वाटते मला, ताई. रोज वाटते, सकाळी ते शटर वर करताना वाटते.

काय लिहिताय? कागदावर कशाला, बोला की — बरं. द्या. चष्मा घालतो. “हे सगळं तुम्ही त्यांना सांगितलंय का?”

नाही.

मी तिला काय सांगणार? तिला सगळं माहीत आहे, तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलंच नाही. — हो, ते वेगळं. माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं, कळतं मला. बहिरा झालोय, खुळा नाही झालो. तो पेन द्या इकडे. हा तुमचाच कागद, याच्या मागेच लिहितो, नाहीतर उद्यापर्यंत माझं मन पलटेल, मी ओळखतो स्वतःला. “पाऊचची दांडी आखूड होती. डबा मी चुकीचा उचलला. बहिणीने तीनदा सांगितले होते.” पूर्णविराम. झालं. — नाही झालं. तीनदा सांगितलं तर मग तुम्ही ऐकलं का नाही, असं विचारेल ना कुणीही. मुकादमच विचारेल. म्हणेल, भाऊ आहे, बहिणीला वाचवतोय. थांबा. “मला ऐकू येत नाही. चार वर्षांपासून.” हे वाक्य लिहायचं नव्हतं मला. पण याच्याशिवाय आधीची तीन कुणाला पटणार नाहीत. खाली सही. तारीख तुम्हीच घाला. 

घ्या. मुकादमाला दाखवा, त्या तिघांना दाखवा, भिंतीला चिकटवा तुमच्या. आधी तिला द्या. वाचून दाखवू नका, नुसता हातात द्या. आणि तिला कामावर घ्या, ताई. चामड्यातलं तिला जेवढं कळतं तेवढं इथे कुणाला कळत नाही, हे मी भाऊ म्हणून नाही सांगत — बरं, भाऊ म्हणूनही सांगतो. डाय तो रुंदवाला घेऊन जा, मोगरी पण घ्या, ऐरण पण. हो, घ्याच. मला आता कशाला? उद्या-परवा हा कागद बाजारात फिरला की कानवाले कोण, असं लोक विचारतील. विचारू देत. मला काही ते ऐकू यायचं नाही.

नाही, काही बोलू नका. तोंड उघडू नका, मला दिसतं. तुम्ही चांगलं बोलणार आहात, मोठ्या मनाचे आहात वगैरे, आणि ते मला सहन होणार नाही. किंवा वाईट बोलणार आहात — ते तर नकोच. मी आता त्या भिंतीकडे तोंड करून बसतो. मग तुम्हाला काय म्हणायचं असेल ते खुशाल म्हणा, आणि जा.